हिरवी गाळणी, पांढरी गाळणी

त्या दिवसांत कोल्हापुरात माझा कान प्रसिद्ध होता. निदान माझी तरी तशी समजूत होती. आमच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीत कुणाची गिटार केसभर उतरली, तरी मी गाणं थांबवून त्या दिशेला नुसतं बघायचे, आणि बिचारा गिटारवाला खुंट्या पिळायला लागायचा. कधी कधी त्याची गिटार बरोबरच असायची. पण माझ्या बघण्यात एवढा अधिकार होता, की तो ती बिघडवून पुन्हा जुळवायचा. चाळिशी ओलांडलेली, दिवसा शाळेत मराठी शिकवणारी आणि संध्याकाळी जरीकाठी नेसून माईकसमोर उभी राहणारी ती बाई आज मला रस्त्यात भेटली, तर मी ओळख देणार नाही. उगाच माझाही सूर तपासायला लागेल.

गायला मी माहेरच्या गल्लीत शिकले, जयंतीच्या स्टेजवर. तिथं कर्णा लोकांकडं तोंड करून असायचा आणि आपण त्याच्या पाठीमागं. स्वतःचा आवाज ऐकू येणं ही चैन. नव्वद सालच्या मागंपुढं मला मास्तरांनी त्यांच्या ऑर्केस्ट्रात घेतलं. मास्तर कीबोर्ड वाजवायचे आणि सगळा वाद्यवृंद चालवायचे. त्यांनी कुणाला काही शिकवल्याचं मला आठवत नाही, पण सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे, आणि ते मला वहिनी म्हणायचे. स्टेजवर माझी जागा ठरलेली: डाव्या हाताला ड्रमवाला, समोर पायाशी तिरका ठेवलेला स्पीकर, ज्यातून आमचं गाणं आम्हालाच ऐकवायचे. ड्रम आणि तो स्पीकर या दोघांच्या भांडणात माझा आवाज मला कधी सापडायचा, कधी नाही.

दोन हजार सालानंतर एकदा मास्तर कुणाच्या तरी पार्टीबरोबर दुबईला वाजवायला गेले आणि येताना नवं खूळ घेऊन आले. तिकडं म्हणे गायकांच्या पायाशी स्पीकर नसतो. आवाज थेट कानात सोडतात. त्यांनी दोन जोड आणले होते, दोन वेगळ्या कंपन्यांचे, पण दिसायला जुळे भाऊ. शेंगदाण्याएवढे काळे दाणे, कानात आत शिरणारी रबराची टोपी, आणि वायर. प्रत्येक दाण्याच्या नळीत मोहरीएवढा एक फिल्टर बसवलेला. मास्तरांनी सुईच्या टोकावर तो काढून दाखवला आणि समजावलं, की ही आवाजाची गाळणी. पांढरी गाळणी कमी अडवते, हिरवी जास्त. अडवते म्हणजे वरच्या सुरांची धार, झांजेची किनार, आणि ‘स’, ‘श’ म्हणताना दातांतून जो वारा सुटतो तो. दोन्ही जोडांत त्यांनी हिरवीच गाळणी घातली होती, म्हणजे तुलना सरळ होईल.

काम माझ्यावर सोपवलं. घरी नेऊन ऐकायचं आणि कुठला जोड चांगला ते सांगायचं. मी बोट ठेवीन तो सगळ्यांसाठी मागवायचा, आणि नेसरीच्या यात्रेतल्या कार्यक्रमाला सगळ्यांच्या कानात तो हवा. मास्तरांचं म्हणणं, तुमच्यासारखा कान दुसऱ्या कुणाला हाय? मी ‘छे छे’ म्हटलं आणि पर्स उघडून दोन्ही जोड आत ठेवले.

दुपारी शाळेतून आले की मी आमच्या हॉलमध्ये आरामखुर्चीत बसून तालमीची एकच सीडी आलटून पालटून दोन्हींतून ऐकायला लागले. डोळे मिटून. डोळे मिटले की माणूस जाणकार दिसतो, हे मी स्टेजवर शिकले होते. पहिल्याच दिवशी निकाल लागला. एक जोड मऊ, सायीसारखा. त्यात माझा आवाज गोड वाटत होता. दुसरा पत्र्यासारखा, टोचणारा. यजमानांना बसवून ऐकवलं. ते जिल्हा परिषदेत नोकरीला, गाण्याशी संबंध एवढाच की माझं गाणं चालू असताना पेपर वाचता येतो. त्यांनी दोन्ही जोड प्रामाणिकपणे कानात घालून ऐकले आणि म्हणाले, दोन्हीत तूच गातीयेस. मी त्यांची कीव केली.

पुढच्या आठवड्यात मात्र गोंधळ झाला. तो पत्र्यासारखा जोडही हळूहळू मऊ वाजायला लागला. दुसरी कुणी असती तर विचारात पडली असती. मी सिद्धांत मांडला. तालमीला सगळ्यांना उभं करून सांगितलं, की नवी चप्पल जशी आधी करकरते, चावते, आणि तेल पाजून वापरली की पायाला रुळते, तसाच नवा इअरफोन कानाला रुळतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. ढोलकीवाल्यानं तर आपल्याही ढोलकीचं तसंच असल्याचं सांगितलं.

मास्तरांनी मान डोलावली नाही. त्यांनी माझ्याकडून दोन्ही जोड घेतले, कानात घातले आणि कपाळाला आठ्या घातल्या. दोन्हीतली डावी बाजू त्यांना दबलेली वाटत होती. सुईनं त्यांनी डावा फिल्टर काढला, बोटांवर चोळला, आणि बोटं नाकाशी नेली.

“वहिनी, ह्याला लसणाचा वास कसा काय?”

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, घरातल्या प्रत्येक दुखण्यावर लसूण घालून कडवलेलं तेल वापरायच्या. महिनाभरापूर्वी मी सहज म्हटलं होतं, की डाव्या कानाला दडे बसल्यासारखं वाटतंय. तेव्हापासून सकाळी शाळेला जायच्या आधी त्या मला मांडीवर आडवं घालून, कोमट तेलाचे थेंब सोडून वर कापसाचा बोळा बसवत. ‘कान कोरडा पडला की आसंच हुतंय,’ हे त्यांचं निदान. दुपारी घरी आले की मी बोळा काढायचे आणि इअरफोन घालून सूक्ष्म श्रवणाला बसायचे. माझी सगळी साय, सगळा मऊपणा, सगळा सिद्धांत म्हणजे आत्यांचं तेल होतं. ते गाळणीत मुरलं होतं. आधी एका जोडाच्या, मग दुसऱ्या.

तालमीच्या खोलीत जो हशा पिकला, तो खालच्या वखारीपर्यंत गेला असेल. गिटारवाला सगळ्यांत जास्त हसला. त्याचा हक्कच होता. ढोलकीवाला म्हणाला, कानात तेल घालून झोपल्यालं बघितलंय, कानात तेल घालून ऐकत्यालं पयल्यांदाच बघतोय. मीही हसले. मास्तरांनी पाकिटातून नवे हिरवे फिल्टर काढून चारही नळ्यांत बसवले आणि मला म्हणाले, आता ऐका.

मी ऐकलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. उजवीकडं झांज चमचमत होती, माझा ‘स’ सुरीसारखा स्वच्छ. डावीकडं तीच झांज कुणीतरी पदराखाली धरून वाजवावी तशी.

मी हसत हसतच म्हटलं, हो हो, आता झकास.

घरी येताना रिक्षात एकच गोष्ट मनात फिरत होती. तेल नंतर आलं होतं. दडे आधी बसले होते.

माझी आई कोडोलीची. माझ्या तेव्हाच्या वयाला पोचेपर्यंत तिचे दोन्ही कान गेले होते. बहिरं माणूस ओरडतं, असं लोक समजतात. आई ओरडायची नाही. ती सगळ्याला ‘व्हय’ म्हणायची. जेवलीस का, व्हय. पाऊस आला का, व्हय. शेजारणीनं येऊन गावातल्या कुणाच्या तरी मरणाची बातमी सांगितली, त्यालाही हसून व्हय. हळूहळू लोकांनी तिला काही विचारायचंच सोडलं. मला कान जाण्याची भीती नव्हती, त्या ‘व्हय’ची होती. आणि गाणं जाण्याची. शाळेत मी एक बाई होते, घरी एक सून. ज्या दोन-अडीच तासांत मी नुसती मी असायचे, ते स्टेजवरचे होते.

खरं काय ते कळायला एकच गोष्ट करायची होती. इअरफोन उलटे घालायचे, डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात. दबलेपणा कानाबरोबर राहिला तर दोष कानाचा, इअरफोनबरोबर पलीकडं गेला तर दोष इअरफोनचा. शेंबडं पोरही करील. मी ते काही दिवस केलं नाही. शाळेतून आले की डाळी निवडायचे, पडदे धुवायचे, माळ्यावरची भांडी खाली काढून घासायचे. आत्यांना वाटलं, सुनेला उशिरा का होईना संसाराची आवड लागली. तेल घालायला मी नको म्हटलं तेव्हा त्या रुसल्या, पण घासलेली भांडी बघून गप्प बसल्या.

शेवटी एका दुपारी, आत्या शेजारी गेल्या असताना, मी मागच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांच्या आडोशाला उभी राहिले आणि इअरफोन उलटे घातले. सीडी लावली. झांज उजव्या कानात चमचमली. डावीकडं पदराखालीच राहिली.

मी पुन्हा उलटे केले. मग दुसरा जोड घातला. मग तोही उलटा. निकाल बदलेना. साडीला धरून मी तशीच उभी होते, आणि कानात माझंच गाणं चालू होतं, एका बाजूनं.

डॉक्टरीणबाईंकडं मी एकटीच गेले. त्यांनी एका बंद कोठडीत बसवून कानावर हेडफोन चढवले. टूं असा आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झाले. डाव्याला मी कॉपी करणाऱ्या पोरासारखी अंदाजानं बोट वर करायला लागले. थोड्या वेळानं बाईंनी दार उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, अहो, मी अजून काही वाजवलंच नाहीये. इतकी वर्षं मी मुलांना परीक्षेत पकडत आले होते. पकडलं गेल्यावर कान गरम होतात, हे तेव्हा कळलं, डावासुद्धा.

त्यांनी कागदावरची रेघ दाखवली. डाव्या कानाची रेघ वरच्या सुरांकडं जाताना घाट उतरावा तशी खाली घसरत होती. डाव्या बाजूला काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ड्रम. त्या म्हणाल्या, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळा. तेल घालू नका. आवाज मोठा करून ऐकू नका.

आवाज मोठा करून ऐकू नका म्हणे, आणि मी नेमकं तेच करत होते. तालमीतही मी आता त्यातला एक जोड घालूनच गायचे, आणि डावीकडं ऐकू यावं म्हणून सगळाच आवाज वाढवून घ्यायचे. मग उजव्या कानात मी एवढी मोठी व्हायचे, की गाताना हात आखडता घ्यायचे, आणि सूर किंचित खाली बसायचा. किंचितच. पण मास्तरांच्या भुवया हलताना मी बघितल्या होत्या. शिवाय गेल्या काही तालमींत त्यांनी आमच्यातल्या नव्या मुलीला माझ्या शेजारी उभं करून माझीच गाणी म्हणायला लावली होती. सहज, म्हणाले. ती कॉलेजात शिकणारी, गडहिंग्लजकडची, मला ताई म्हणायची, आणि तिचा आवाज असा, की त्यात खोट काढायला मी फार प्रयत्न केले.

नेसरी जवळ येत होती. मास्तरांना मी सांगितलं नसतं तरी त्यांना कळणारच होतं, फक्त कळायची जागा स्टेज असती. म्हणून तालमीनंतर सगळे गेल्यावर मी खोलीतच रेंगाळले. काय बोलायचं ते मी मनात छान जुळवून ठेवलं होतं, वयोमान, हवामान, शाळेतल्या खडूची भुकटी. मास्तर कीबोर्डवर कापड टाकत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं,

“वहिनी, ऐकू येतंय का न्हाय? येवढंच सांगा.”

“उजव्यानं हाय,” मी म्हटलं. “डाव्यानं न्हाय.”

शहरात इतकी वर्षं राहून, मराठीच्या तासाला पोरांचं ‘हाय-न्हाय’ सुधारून, ऐन वेळी माझ्या तोंडून माहेरचीच भाषा बाहेर पडली. मास्तरांनी कापडाचं टोक सारखं केलं. मग म्हणाले, मग उजव्यानं गा की. पण लगेच त्यांनी पुढचंही सांगितलं, आणि त्याचा मला राग आला नाही. नेसरीत माझं पहिलंच गाणं लांब आलापीचं होतं. तिच्यात वाद्यं नसतात, मी एकटी. आलापी संपली की सगळी वाद्यं एकदम उठतात. मी जरा जरी घसरले असले, तर वाद्यं एका सुरात आणि मी दुसऱ्या, आणि ते नेसरीच काय, चंदगडपर्यंत ऐकू जाईल. तेव्हा ती मुलगी मागं माईक घेऊन उभी राहील. त्यांना शंका आली तर ते हात वर करतील, ती उचलेल, मी थांबायचं.

मी कबूल केलं. निघताना फक्त फिल्टरचं पाकीट मागून घेतलं.

कारण एक गोष्ट माझ्या डोक्यात आली होती, आणि ती माझ्या प्रसिद्ध कानातून नव्हे, चहा गाळताना आली. जिथून कमी येतं तिथली गाळणी कशाला बारीक ठेवायची? डाव्या नळीत मी पांढरा फिल्टर बसवला, उजवीकडं हिरवाच ठेवला. झांज डावीकडं थोडी पदराबाहेर आली. मग डावीकडं काहीच न घालता ऐकलं. ते फार झालं, दातावर नख घासल्यासारखं. मग मास्तरांना सांगून उजव्या बाजूचा आवाज थोडा उतरवून घेतला. या खेपेला मी डोळे मिटले नाहीत, विशेषणं शोधली नाहीत. ‘स’ दोन्हीकडं सारखा येतो का, एवढंच विचारायचं, आणि नाही आला तर पुन्हा सुई. असं करत करत दोन्ही बाजू सख्ख्या बहिणी झाल्या. अगदी सख्ख्या नव्हे. सावत्र म्हणू.

पण सूर जागेवर बसतोय का, याची खात्री मला कोण देणार? ज्या कानानं खात्री करायची, त्याच्यावरच खटला चालू होता.

नेसरीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. यात्रेतले पाळणे फिरत होते, भोंगे एकमेकांवर ओरडत होते. मी ब्लाऊजच्या पाठीतून वायर खाली सोडली, कमरेला खोचली आणि पदर घट्ट घेतला. दिवे लागले तसे आजूबाजूच्या उसातले किडे झुंडीनं दिव्यांवर आले. मी माईकशी गेले. मागं ती मुलगी उभी होती. मान न वळवताही मला ती पाठीवर जाणवत होती. समोर माणसांचं रान. पुढच्या रांगेतून एकजण ओरडला, “बाई, आवाज सोडा की मोकळा.”

मास्तरांनी एक सूर दिला आणि बोट उचललं.

आता कानात फक्त मी होते. उजवीकडं मी, डावीकडं जरा लांबून मी. पहिली ओळ घेतली. दुसरीत वर चढले. माझं लक्ष सुरावर असायला हवं होतं. ते मास्तरांच्या उजव्या हातावर होतं. हात मांडीवर. तिसऱ्या ओळीला मी वरच्या स्वरावर थांबले, आणि तिथं मला शंका आली. हा तोच आहे का? की त्याच्या शेजारचा? पाठीवरून घामाची धार वायरीच्या वाटेनं उतरली. श्वास पुरवत मी तो स्वर धरून ठेवला, सोडला तर काय होईल ते कळत नव्हतं.

मास्तरांचा हात वर गेला.

मागून तिचा आवाज आला. नियमानं मी तिथं थांबायचं होतं. मी कबूल केलं होतं. पण ती आली तशी ती माझ्या स्वरावरच आली, माझ्या कानात, दोन्ही बाजूंनी. आणि मी थांबले नाही, कारण मला ऐकायचं होतं. महिनाभर मी दोन सारख्या वस्तू शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधत बसले होते. आता एक विशीतला, लख्ख, कुठं डाग नसलेला आवाज होता आणि एक माझा. मी फट शोधली. लाट उठते का, थरथर येते का, दोन सूर एकमेकांना घासतात का. कुठं काही नव्हतं. एकावर एक ठेवलेल्या भाकरीसारखे ते बसले होते.

तीही गोंधळली असणार, पण थांबली नाही. आम्ही दोघींनी आलापी तशीच शेवटाला नेली. वाद्यं उठली, आणि आमच्याखाली अलगद येऊन बसली.

गाणं संपल्यावर लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, हे असंच बसवलेलं आहे. मी वळून मास्तरांकडं बघितलं. ते डोळा चोळत होते. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आधी ते माईकपासून तोंड वळवून म्हणाले,

“किडा हो वहिनी. सरळ डोळ्यात शिरला.”

कार्यक्रमानंतर ती मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळ्यांत पाणी. आपण चुकून मधेच घुसलो, असं तिला वाटत होतं. म्हणाली, ताई, तुम्ही थांबला न्हाईसा. मी म्हटलं, तू बेसूर असतीस तर थांबले असते. तिला हे कौतुक वाटलं की टोमणा, ते मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

त्यानंतर ती आलापी आम्ही दोघींनीच घ्यायची असं ठरलं. नेसरीआधी राहून गेलेली खरेदीही झाली, मास्तरांनी सगळ्यांसाठी एकाच कंपनीचे जोड मागवले. कुठल्या, हे मला विचारलं नाही. कान आणखी उतरत गेला तसा माझ्या डाव्या नळीतला पांढरा फिल्टरही दीड-दोन वर्षांत काढावा लागला, तिथं काहीच राहिलं नाही. मग एका कार्यक्रमात, वरच्या स्वरावर, आमच्या दोघींत फट पडली. अगदी नखाएवढी. मास्तरांच्या लक्षात आली नाही, लोकांच्या तर नाहीच. मला आली, आणि ती कुणाच्या बाजूची आहे तेही कळलं.

पुढच्या तालमीला मी वायर गुंडाळून मास्तरांच्या हातात दिली आणि समोर खुर्ची टाकून बसले, उजवा कान तिच्याकडं करून. तिनं आलापी उचलली. दोन ओळी झाल्या आणि ती थांबली.

“ताई, असं तिरकं बसून बघू नका, भीती वाटते.”

“बघत नाही,” मी म्हटलं. “ऐकतेय. वरून घे पुन्हा.”